फोन दुरुस्तीला द्या, बारा शब्द देऊ नका

नवी पेठेत आमच्याकडे डिस्प्ले बदलायला, फोन फॉरमॅट मारायला नाहीतर जुन्याचं सगळं नव्या फोनमध्ये टाकून घ्यायला जे येतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये क्रिप्टोचं वॉलेट आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट ही क्रिप्टो ठेवायची ॲप काय असतात ते तुम्हाला माहीतच आहे, ते परत सांगत बसत नाही.

नव्या फोनमध्ये वॉलेट चालू करताना ॲप वॉलेट काढताना मिळालेले बारा इंग्रजी शब्द मागतं, तीच त्या वॉलेटची चावी (काहींचे चोवीस असतात). तेव्हा लोक काय करतात, घरी फोन लावतात, कपाटातल्या वहीच्या पानाचा फोटो मागवतात, तो आमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि म्हणतात तुम्हीच टाका ओ, चष्मा घरी राहिलाय. आम्ही टाकत नाही. आणि शब्द आमच्या नजरेला पडलेच तर ते वॉलेट संपलं असं धरून चालतो, म्हणजे नवीन वॉलेट काढायचं, नवीन शब्द तुम्ही स्वतः कागदावर उतरवायचे आणि जुन्यातलं सगळं तिकडे हलवायचं. दहा मिनिटांच्या कामाला मग तास जातो, तुमचाही आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचाही, आणि त्या वेळेचा चार्ज आम्ही लावतो.

यावर बरेच जण नाराज होतात, तुमच्यावर विश्वास आहे की, असं म्हणतात. विश्वासाबद्दल आभार, पण तो फोटो आता कुठे कुठे आहे ते बघा. तुमच्या गॅलरीत, वहिनींच्या गॅलरीत, आमच्या फोनवर, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं असतं तिथे, आणि ज्याचं बॅकअप चालू आहे त्याच्या गूगल फोटोजमध्ये. चॅट डिलीट केलं म्हणून यातलं सगळं पुसलं जात नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघडकीला आणला, तो प्ले स्टोअर आणि ॲपल दोन्हीकडच्या काही ॲपमध्ये लपलेला होता आणि गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून हेच शब्द शोधत होता. म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी धोका तोच.

ॲपला पासवर्ड आहे, बोट लावल्याशिवाय उघडत नाही, असं काही जण सांगतात. ते कुलूप फक्त त्या फोनला आहे. बारा शब्दांतूनच तुमच्या सगळ्या प्रायव्हेट की, म्हणजे कॉईन हलवायच्या गुप्त चाव्या, तयार होतात, त्यामुळे जगात कुठेही कुणी ते शब्द टाकले की वॉलेट त्याच्याकडे उघडतं, ओटीपी नाही, मेसेज नाही. एटीएमचा पिन बदलतो तसे हे शब्द बदलता येत नाहीत, म्हणून नवीन वॉलेटच काढावं लागतं.

हलवताना अडतं कुठे, तर फीवर, कारण नेटवर्क ती स्वतःच्याच कॉईनमध्ये घेतं. ट्रॉन नेटवर्कवर यूएसडीटी (डॉलरच्या भावाचं कॉईन) ठेवलेले असतात पण फीला लागणारं टीआरएक्स एकही नाही, इथेरियमवर टोकन आहेत पण फीचं इथर नाही, मग पैसे डोळ्यांसमोर दिसतात पण हलत नाहीत. येताना थोडं फीचं कॉईन वॉलेटमध्ये ठेवून या. मात्र शब्द चोराच्या हाती गेल्याची शंका असेल तर आधी आम्हाला सांगा, कारण चोरांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लावलेले असतात, फीसाठी टाकलेलं कॉईन ते लगेच ओढून घेतात. आणि क्रिप्टोवरच्या 30 टक्के टॅक्सचं विचारता म्हणून, तो 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर आहे, आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात टाकणं ही विक्री नव्हे, तरी हिशोब तुमच्या सीएला दाखवून ठेवा.

शब्द लिहिताना इंग्रजी अक्षरांतच लिहा. देवनागरीत लिहिलेली पानं आमच्याकडे येतात आणि तिथे खरी पंचाईत होते, कारण पश्चिम दिशेचा वेस्ट आणि वाया जाण्याचा वेस्ट हे दोन्ही शब्द वॉलेटच्या ठरलेल्या शब्दयादीत आहेत, थांबण्याचा वेट आणि ओल्याचा वेट पण आहेत, मग एकेक जोडी लावून बघत बसावं लागतं. इंग्रजी यादीत 2048 शब्द आहेत आणि कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, म्हणजे चार अक्षरं नीट वाचता आली तरी शब्द मिळतो. नंबर टाकून क्रमाने लिहा.

कागदाला वाळवी लागते, पाणी लागतं. ज्यांची रक्कम मोठी आहे त्यांच्यासाठी आम्ही स्टीलची पट्टी ठेवलीय, प्रत्येक शब्दाची चार अक्षरं पंचने ठोकायची. पंच आणि हातोडी आम्ही देतो, आतल्या खोलीत बसायचं, दार लावायचं, फोन बाहेर ठेवायचा आणि स्वतः ठोकायचं. आमचा पोरगा आत येत नाही. हार्डवेअर वॉलेटही, म्हणजे चावी फोनबाहेर ठेवणारं छोटं मशीन, मिळेल, सीलबंद, सील तुमच्यासमोरच फुटेल. कुठूनही घ्या, पण डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर त्यात एक रुपयासुद्धा टाकू नका, खरं मशीन शब्द तुमच्यासमोर स्वतः तयार करतं.

एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, ठेवलेल्या कॉईनला तुमचे असे शब्द नसतात, चावी त्यांच्याकडेच असते. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजवरून 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले तेव्हापासून स्वतःचं वॉलेट काढायला येणारे वाढलेत, चांगलंच आहे, पण मग शब्द सांभाळणंही आपल्याकडेच आलं.

फॉरमॅटच्या आधी आम्ही विचारतो की शब्द कागदावर आहेत का, आणि सही घेतो. नसतील तर फॉरमॅट मारत नाही, कितीही घाई असली तरी. फोन बंद पडलाय आणि शब्द कुठेच लिहिलेले नाहीत, तर दुसरीकडेही कुणाला रिसेट मारू देऊ नका, बोर्ड दुरुस्त होतो का ते आधी बघू. चोरी झालीच असेल तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि टेलिग्रामवर गेलेले कॉईन परत आणून देतो म्हणणाऱ्याला फीही देऊ नका, शब्दही देऊ नका.

वॉलेट हलवायचं काम फोनवर सांगून होत नाही, समोर बसावं लागतं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या, संध्याकाळी पेठेत गर्दी असते आणि काउंटरवर मागून कोण बघतंय ते कळत नाही. चष्मा आठवणीने आणा.