टप पाडलेली मोटार : रोडस्टरच्या घडणीची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये एमजीची सायबरस्टर ही दोन आसनांची, छत उघडता येणारी विजेवरची मोटार भारतात विक्रीला आली. बडोद्यातल्या आपल्या लोकांना एमजी ही अक्षरे परकी नाहीत. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पावागडच्या पायथ्याशी असलेल्या हालोलला या कंपनीचा कारखाना आहे. तिथे १९९६ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत. २०१७ मध्ये ते काम थांबले, कारखाना चीनच्या साइक कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तिथून एमजी हेक्टर बाहेर पडू लागली. नवी रोडस्टर मात्र हालोलला बनत नाही; ती पूर्ण बांधलेल्या स्थितीत आयात होते. तिच्याबद्दलच्या बोलण्यात ५१० अश्वशक्ती, वर उचलली जाणारी दारे आणि पाऊण कोटीच्या घरातली किंमत यांचाच भर असतो. या आकड्यांमागे साठ वर्षांहून जुनी एक अभियांत्रिकी अडचण आहे, आणि तिची ओळख असल्याशिवाय ही मोटार अशी का आहे हे उलगडत नाही. ती अडचण म्हणजे नसलेले छत.

रोडस्टर हा शब्द मुळात लांबच्या रस्त्याला उपयोगी पडणाऱ्या घोड्यासाठी होता. पुढे तो दोन किंवा तीन माणसांच्या उघड्या मोटारीला लागला आणि १९१६ मध्ये अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने त्याची तशी व्याख्याही ठरवली. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून टप पाडलेल्या बग्गीचे वर्णन ऐकले आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. सुरुवातीच्या काळात उघडी मोटार ही चैन नव्हती, तो स्वस्त मार्ग होता. खाली स्वतंत्र पोलादी चासी, म्हणजे चाके आणि इंजिन धरणारी चौकट असे आणि सगळा भार तीच पेलत असे. वरचे लाकडी वा पत्र्याचे शरीर केवळ बसण्यापुरते असल्यामुळे छत असले काय आणि नसले काय, मोटारीच्या बळकटीत फारसा फरक पडत नसे.

ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये (एमजी ही याच नावाची आद्याक्षरे) सेसिल किंबर यांनी नेमका याच स्वस्ताईचा उपयोग केला. १९२९ ची एम-टाइप मिजेट ही मॉरिस मायनर या साध्या मोटारीच्या चासीवर उभी होती. तिचे इंजिन अवघे ८४७ घन सेंटीमीटरचे आणि शरीर प्लायवूडवर कापड ताणून केलेले. वजन इतके कमी की लहान इंजिनही तिला चपळ ठेवी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये आलेल्या टीसीने हीच पद्धत पुढे नेली : १२५० घन सेंटीमीटरचे इंजिन, ५४ अश्वशक्ती आणि पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा. चार वर्षांत सुमारे दहा हजार टीसी बनल्या. त्यांपैकी दोन हजारांच्या आसपास अमेरिकेला गेल्या, आणि त्याही उजव्या हाताच्या सुकाणूसह, कारण डाव्या सुकाणूची टीसी कारखान्याने कधी काढलीच नाही. तरीही अमेरिकेत या प्रकाराची गोडी लागली ती याच गाडीने. १९५५ च्या एमजीएचे रूप गोलाईदार आणि आधुनिक होते, पण चासी अजून स्वतंत्रच होती. तिच्या उघड्या आवृत्तीला वरखाली होणाऱ्या काचा नव्हत्या आणि दाराला बाहेरून मूठही नव्हती.

खरे वळण १९६२ च्या एमजीबीने आणले. तिच्यात चासी आणि शरीर वेगळे राहिले नाहीत. पत्र्याचे कवचच भार उचलू लागले. वजन वाचते, जागा वाढते, म्हणून बंद मोटारींत ही पद्धत तेव्हा रूढ होत होती. उघड्या मोटारीत मात्र ती फार अवघड जाते. बुटांचे रिकामे खोके झाकण लावून पिळून पाहावे आणि मग झाकण काढून पिळावे. दुसऱ्या वेळी ते हातात सहज मुरडते. छत काढलेल्या कवचाचे तसेच होते. एक चाक खड्ड्यात गेले की सगळ्या सांगाड्याला पीळ पडतो, समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरतात, दारे कुरकुरतात. यावर उपाय म्हणून एमजीबीच्या आखणीकारांनी दाराखालचे उंबरे जाड केले, दोन आसनांमधून जाणारा जमिनीचा बोगद्यासारखा उंचवटा आणि आडव्या पट्ट्या बळकट केल्या. छतातून काढलेले पोलाद त्यांनी जमिनीत घातले, असे म्हणता येईल. त्याच वर्षी लोटस एलानने वेगळा रस्ता घेतला : मधोमध पोलादी कणा आणि त्यावर फायबरग्लासचे शरीर. पुढच्या साठ वर्षांतल्या रोडस्टर या दोन उपायांचीच रूपे आहेत, असे माझे मत आहे.

एमजीबीचे १७९८ घन सेंटीमीटरचे, ९५ अश्वशक्तीचे इंजिन त्या मानाने साधे होते. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, आधी तीन बेअरिंगांचा आधार होता, १९६४ मध्ये तो पाचांचा झाला, आणि एमजीबीचे इंजिन टिकाऊ म्हणून ओळखले गेले.

यानंतर सुरक्षेचा प्रश्न आला, आणि या इतिहासातला सर्वांत निर्णायक भाग तोच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेने वाहन सुरक्षेचा कायदा केला. त्याखाली येणाऱ्या नियमांत मोटार उलटली तरी आतला माणूस वाचला पाहिजे, अशी कसोटी पुढे आली. छत नसलेली मोटार त्या कसोटीला कशी उतरणार? १९७२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की उघड्या मोटारी बाजारातूनच नाहीशा व्हाव्यात असा कायदा करणाऱ्यांचा हेतू नव्हता. पण तोवर कारखानदारांनी धसका घेतला होता. ब्रिटनची ट्रायम्फ टीआर-७ १९७५ मध्ये आली ती बंद छताची, आणि तिची उघडी आवृत्ती निघायला १९७९ उजाडले. एमजीबीला बंपरांच्या नियमामुळे १९७४ च्या अखेरीस पुढे-मागे काळ्या रबराचे अवजड बंपर मिळाले आणि गाडी जमिनीपासून इंच-दीड इंच उचलावी लागली. धुराच्या नियमांमुळे अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांची ताकद ६५ अश्वशक्तीच्या आसपास घसरली. वळणावर अधिक कलणारी, वेगाला कमी पडणारी ही एमजीबी पाहून जुन्या चाहत्यांना वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक होते. ऑक्टोबर १९८० मध्ये एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. नियम चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ते अशा गाडीवर लादले गेले, जिच्या मूळ आराखड्यात त्यांना जागाच नव्हती.

ती जागा १९८९ मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी करण्यात आली. मर्सिडीजच्या एसएल या नव्या उघड्या मोटारीत आसनांमागे एक पोलादी कमान दडवलेली होती. गाडी उलटते आहे असे संवेदकांना जाणवताच ती सुमारे ०.३ सेकंदात उभी राहत असे. माणसाला बांधून ठेवणारे सुरक्षा पट्टेही दरवाजाच्या खांबाऐवजी आसनातच बसवलेले होते, त्यामुळे आसनाची चौकटच भार पेलण्याइतकी मजबूत करावी लागली. पुढच्या काचेच्या दोन्ही खांबांत उच्च ताकदीचे पोलाद घालून तिथे दुसरा आधार उभा करणे, ही पद्धत नंतर सर्वत्र रूढ झाली. बंद मोटारीत छताच्या कडेतून खाली उतरणारी पडद्यासारखी एअरबॅग असते. रोडस्टरला ती कड उपलब्ध नसल्याने डोके आणि छाती दोन्ही झाकणारी एअरबॅग आसनाच्या कुशीतून किंवा दारातून उघडावी लागते. वाहन बंद छताचे आहे की उघडे, हे एअरबॅगच्या जागेवरून ओळखता येते ते यामुळे.

दुसरे ठिकाण शिकागोचे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथल्या प्रदर्शनात माझदाची एमएक्स-५ दाखवली गेली. १.६ लिटरचे, दोन कॅमशाफ्टचे इंजिन, ११५ च्या आसपास अश्वशक्ती, साडेनऊशे किलोच्या जवळपास वजन, आणि गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शियलशी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाशी) सरळ जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट. ही चौकट म्हणजे एलानच्या कण्याची आठवण देणारी गोष्ट. माझदाच्या अभियंत्यांनी ताकद वाढवण्यापेक्षा वजन रोखण्याला महत्त्व दिले, आणि किंबरच्या विचारांचा खरा वारसा या जपानी गाडीने चालवला असे मला मनापासून वाटते. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली.

तिच्या यशानंतर १९९५-९६ मध्ये बीएमडब्ल्यूची झेड-३, पोर्शची बॉक्स्टर आणि मर्सिडीजची एसएलके या रोडस्टर पाठोपाठ आल्या. एसएलकेचे धातूचे छत २५ सेकंदांत डिकीत घडी होऊन बसे. घडीच्या धातूच्या छताची कल्पना मात्र प्यूजोने १९३० च्या दशकातच वापरली होती. १९९५ ची एमजीएफ आसनांमागे इंजिन ठेवून आली, पण तिच्या पालक कंपनीचा २००५ मध्ये अस्त झाला आणि एमजी हे नाव चीनमध्ये गेले. भारतातही १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची छोटी रोडस्टर निघाली होती : फायबरग्लासचे शरीर आणि रेनॉचे ११४९ घन सेंटीमीटरचे इंजिन. ती फार खपली नाही.

सायबरस्टरचे इंजिन म्हणजे आता पुढची एक आणि मागची एक अशा विजेच्या दोन मोटर. मिळून ५१० अश्वशक्ती आणि ७२५ न्यूटन-मीटर पीळबल (टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर). थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग ३.२ सेकंदांत. ७७ किलोवॅट-तासांची बॅटरी केवळ ११० मिलिमीटर जाड आहे, आणि रोडस्टरच्या दृष्टीने हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण बॅटरी जाड झाली असती तर माणूस उंच बसला असता आणि रोडस्टरचा ठेंगणेपणा गेला असता. शिवाय तळाशी बसवलेली कडक बॅटरीपेटी पिळाला विरोध करते. एमजीबीच्या जाड उंबऱ्यांचे काम आता ती अंशतः करते. याची किंमत वजनात मोजावी लागली. ही गाडी जवळपास दोन टनांची, म्हणजे पहिल्या एमएक्स-५ च्या दुप्पट आहे. एवढे वजन वळणावर जाणवू न देण्याचे काम सस्पेन्शन, टायर आणि ब्रेक यांच्यावर येते, आणि एम-टाइपच्या वेळी हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता.

वर उचलली जाणारी दारे दिखाऊ वाटतात, पण दोन आसनांच्या लांब दारांना अरुंद जागेत उघडायला ती उपयोगी आहेत, हे बडोद्याच्या मांडवी किंवा न्यायमंदिराच्या परिसरात गाडी लावणाऱ्याला चटकन पटेल. छत कापडी ठेवले आहे. धातूच्या छतापेक्षा ते हलके असते, घडी लहान होते आणि गाडीचे वजन वरच्या बाजूला वाढत नाही. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या बडोद्यात ते दिवसा बंदच राहणार. पावसाळा सरल्यावर, सूर्य कलल्यानंतर हालोलच्या रस्त्यावर समोर पावागड दिसू लागतो, तेव्हा ते उघडावेसे वाटेल.