सतरा ध्येये आणि कंपन्यांची बांधिलकी : पार्श्वभूमी

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत संयुक्त राष्ट्रांच्या सतरा शाश्वत विकास ध्येयांचे रंगीत चौकोन आता सर्रास दिसतात. या बांधिलकीची मुळे ती ध्येये ठरण्याच्या बरीच आधीची आहेत.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास म्हणजे शाश्वत विकास, ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये मांडली. पण तिचा रोख मुख्यतः सरकारांकडे होता. उद्योगांना थेट हाक घातली ती संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी, जानेवारी १९९९ मध्ये, दावोस येथे. त्यातूनच जुलै २००० मध्ये ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ हा कंपन्यांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा उपक्रम उभा राहिला. मानवी हक्क, कामगार आणि पर्यावरण यांविषयीच्या त्याच्या नऊ तत्त्वांत २००४ मध्ये भ्रष्टाचारविरोधाचे दहावे तत्त्व जोडले गेले. सहभाग ऐच्छिक होता, तरी प्रगतीचा अहवाल न देणाऱ्यांची नावे यादीतून काढली जात. पुढे २००६ मध्ये गुंतवणूकदारांसाठी जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे जाहीर झाली आणि पर्यावरण, कामगार अशा विषयांवरचे प्रश्न भांडवल पुरवणारेही विचारू लागले. माझ्या मते कंपन्यांना खरी जाग आली ती इथे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या सहस्रक जाहीरनाम्यातून आलेली आठ ध्येये प्रामुख्याने विकसनशील देशांसाठी होती. २५ सप्टेंबर २०१५ रोजी १९३ देशांनी स्वीकारलेली १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये मात्र सर्वच देशांना लागू आहेत, आणि त्यांतील १२.६ हे लक्ष्य कंपन्यांना, विशेषतः मोठ्या कंपन्यांना, शाश्वततेची माहिती आपल्या अहवालांत देण्यास प्रोत्साहन द्यावे, असे स्पष्ट सांगते.

भारतात कंपनी कायदा, २०१३ ने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याच्या जवळ जाणारा अहवालाचा नमुना भांडवली बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०२१ मध्ये आणला, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. त्यातील पाण्याच्या तक्त्यात नदी-तलावांतून किती, जमिनीतून किती, बाहेरून विकत किती आणि समुद्रातून किती पाणी घेतले, हे किलोलिटरमध्ये लिहावे लागते आणि शेजारच्या रकान्यात मागील वर्षाचा आकडा असतो. पाणीटंचाईच्या भागांतील उपशाचा वेगळा तपशील मात्र या नमुन्यात ऐच्छिक ठेवला गेला; मराठवाड्यासारख्या प्रदेशाला नेमका तोच हवा आहे.