फ्रीजच्या बटणातली काळी चांदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मायक्रोस्विच, म्हणजे यंत्राच्या आत बसणारा चिमुकला स्विच, घ्यायला गेलात, तर दुकानदार विचारतो, "साधा देऊ की हेवी?" बहुतेक लोक हेवी घेतात. १६ अँपिअरचा स्विच ०.१ अँपिअरच्या स्विचपेक्षा दणकट असणार, जास्त टिकणार, असा त्यामागचा हिशेब. पाण्याच्या पंपासाठी किंवा गिरणीच्या मोटरसाठी तो बरोबरच आहे. पण फ्रीजच्या दारातून पाणी आणि बर्फ देणाऱ्या बटणासाठी हाच हिशेब उलटा पडतो. तिथे हेवी स्विच लवकर दगा देतो, आणि खापर फुटतं ते कित्येक हजारांच्या कंट्रोल बोर्डावर, म्हणजे फ्रीज चालवणाऱ्या सर्किटवर.

दोन दारं शेजारी शेजारी असलेल्या फ्रीजमध्ये आपण ग्लास एका पट्टीवर टेकवतो. पट्टी मागे सरकते आणि तिच्यामागचा छोटा मायक्रोस्विच दाबला जातो. जुन्या मॉडेलांत याच स्विचमधून २३० व्होल्टचा पुरवठा थेट पाण्याच्या व्हॉल्व्हच्या कॉइलला (तो उघडणाऱ्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याला) जायचा. नव्या मॉडेलांत स्विचचं काम फक्त निरोप देण्याचं आहे. त्यातून ५ किंवा १२ व्होल्टवर जेमतेम काही मिलीअँपिअर प्रवाह जातो. तो निरोप बोर्डावरची चिप वाचते आणि मग व्हॉल्व्ह किंवा बर्फ ढकलणारी मोटर चालू करते. बटण तेच राहिलं, पण त्यातून वाहणारी वीज कितीतरी पटींनी कमी झाली. बटणाचे बरेचसे रोग इथे सुरू होतात.

हा मायक्रोस्विच म्हणजे यंत्रशास्त्रातलं एक देखणं काम आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी मॅकगॉल नावाच्या तंत्रज्ञाने १९३२ साली तो शोधला. आत एक पातळ, वाकवलेली, स्प्रिंगसारखी धातूची पट्टी असते. बटण दाबत गेलं की ती ताणत जाते, पण जागा सोडत नाही. एका ठरावीक बिंदूपलीकडे तोल सुटतो आणि पट्टी 'टिक' आवाज करत एका झटक्यात दुसऱ्या बाजूला जाते. तुम्ही बोट सावकाश दाबा नाहीतर जोरात, झटक्याचा वेग जवळपास तोच राहतो. याचं महत्त्व असं, की विजेचे दोन संपर्कबिंदू हळूहळू दूर झाले तर त्यांच्यामध्ये ठिणगी रेंगाळते आणि धातू जाळते. झटक्याने दूर झाले तर तिला रेंगाळायला सवडच मिळत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात एवढं सगळं घडतं.

ते संपर्कबिंदू हेवी स्विचमध्ये चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात, कारण चांदी ही सगळ्यांत उत्तम विद्युतवाहक. पण देवघरातलं चांदीचं निरांजन जसं काळं पडतं, तशी ही चांदीही काळी पडते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. खाडीजवळच्या किंवा उघड्या नाल्याशेजारच्या घरांत हा वायू जास्त असतो, आणि पावसाळ्यातली दमट हवा या क्रियेला हातभार लावते.

दोन धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगरदऱ्याच असतात. एकमेकांवर टेकतात ती फक्त काही शिखरं, आणि सगळी वीज त्या चिमुकल्या ठिपक्यांतूनच जाते. विसाव्या शतकात शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी या ठिपक्यांचं शास्त्र उभं केलं. आजही विद्युत संपर्कांवरची एक आंतरराष्ट्रीय परिषद त्यांच्या नावाने भरते. त्या शिखरांवरच सल्फाइडचा थर चढला, तर वाट अडते.

मात्र ती पूर्ण बंद होत नाही, कारण सिल्व्हर सल्फाइड हा अर्धवाहक आहे, म्हणजे धातूइतकी सहज नाही, पण थोडी वीज वाहू देणारा पदार्थ. १८३३ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेला दिसलं, की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. धातूंमध्ये होतं त्याच्या नेमकं उलट. अर्धवाहकाचा वैज्ञानिक इतिहासातला हा पहिला नोंदलेला गुणधर्म मानतात. ज्या चिपला बटणाचा निरोप पोचत नाही, ती सिलिकॉनच्या अर्धवाहकाची, आणि तिची वाट अडवणाराही अर्धवाहकच. मला हे फार सुंदर वाटतं.

आता जुन्या आणि नव्या फ्रीजमधला फरक पाहू. २३० व्होल्टचा दाब असला, की पातळ थर विद्युतदाबाने फुटतो, बारीकशी ठिणगी उडते आणि संपर्क पुन्हा स्वच्छ होतो. म्हणजे हेवी स्विच वापरता वापरता स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी त्याला पुरेशी वीज मिळावी लागते. ५ व्होल्ट आणि दोन-तीन मिलीअँपिअर मिळाले तर थर तसाच राहतो आणि वाढत जातो. म्हणून ढोबळमानाने १०० मिलीअँपिअरच्या खालच्या प्रवाहासाठी सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क वापरतात. सोन्यावर सल्फाइड चढत नाही. अशा स्विचवर ०.१ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला तो किरकोळ वाटतो.

या रोगाची लक्षणं ओळखू येण्यासारखी आहेत. पहिल्या दाबाला काहीच होत नाही, चौथ्या-पाचव्या दाबाला पाणी येतं. पट्टी जरा कडेला रेटली की चालतं. थंडीभर न वापरलेलं बटण मार्चमध्ये रुसतं, आणि दिवसभर वापरलं की सुधारतं, कारण दर दाबाला संपर्क एकमेकांवर किंचित घासतात आणि थर खरवडला जातो.

इथेच मेकॅनिकची गल्लत होते. खिशातला टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब, तो स्विचला लावतो. बल्ब लख्ख पेटतो. "स्विच ओके आहे, बोर्ड गेलंय." पण बल्ब पेटवणाऱ्या २३० व्होल्टनी तो थर त्याच क्षणी फोडलेला असतो. म्हणजे तपासणीनेच पुरावा नष्ट झाला! त्याऐवजी फ्रीजचा प्लग काढून, स्विचच्या वायरी सोडवून, मल्टिमीटरने विरोध मोजावा. मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, त्यामुळे थर जसाच्या तसा सापडतो. चांगला स्विच दाबल्यावर एका ओहमच्याही आत दाखवतो. दहा वेळा दाबून आकडा शेकड्यांत उड्या मारत असेल तर दोष स्विचचाच. मेकॅनिक आला की हीच चाचणी करायला सांगा. ग्राहकाने आग्रह धरला नाही तर चांगलं बोर्ड भंगारात जातं.

जाता जाता व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डबद्दल बोललंच पाहिजे. फ्रीजच्या दारावर शोभेचे चुंबक लावले की वीजबिल वाढतं, अन्न खराब होतं, यंत्रणा बिघडते, असं तो सांगतो. हे धादांत खोटं आहे. शोभेच्या चपट्या चुंबकांचं क्षेत्र काही मिलिमीटरमध्येच विरून जातं. काही मॉडेलांत दार लागल्याची खूण चुंबकीय सेन्सर देतो. तेवढी जागा मोकळी ठेवली की झालं.

स्विचवर येण्याआधी अर्थातच सोप्या गोष्टी पाहाव्यात. पाणी आणि बर्फ दोन्ही बंद असतील तर आधी लॉक पाहा. लहान मुलांसाठीचं ते बटण पुसताना तीन सेकंद दाबलं जातं. मग दार. दार उघडं आहे असं फ्रीजला वाटलं तर तो काहीच देत नाही, आणि बिजागरीत झुकलेलं दार नीट लागत नाही. दार हलवताना पॅनेलचे दिवे लुकलुकले तर बिजागरीतून जाणाऱ्या वायरी वाकून वाकून तुटत आल्या आहेत. स्पर्शाचं पॅनेल असेल तर ते कोरडं पुसा आणि प्लग काढून पाच मिनिटांनी लावा. असं पॅनेल बोटामुळे बदलणारी विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजतं, आणि चिप चालू होताना 'बोट नसतानाची' पातळी नव्याने नोंदवते. बंद-चालू करण्याचा उपाय इथे चालतो त्याचं एक कारण हे.

बटण दाबल्यावर मागून गुणगुण ऐकू येत असेल, तर बटण निर्दोष आहे, निरोप पोचलाय. दोष पाण्याच्या वाटेवर शोधायचा. फ्रीझर उणे १८ अंशांपेक्षा फारच खाली ठेवला असेल तर दारातली नळी गोठलेली असू शकते. किंवा दाब कमी आहे. हे व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि मिटतात. कॉइल फक्त एक बारीक छिद्र मोकळं करते. त्यासाठी साधारण २० पीएसआय, म्हणजे १.४ बार दाब लागतो. १० मीटर उंचीचं पाणी १ बार दाब देतं. वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी पाच मीटरच वर असेल, तर मिळतो अर्धा बार. मग पाणी येत नाही, किंवा ग्लास काढल्यावर व्हॉल्व्ह घट्ट मिटत नाही आणि ठिबकत राहतं. उपाय छोटा प्रेशर पंप. आत टाकी असलेल्या साध्या मॉडेलांना हा प्रश्न नाही. तिथे पट्टी थेट झडप उघडते.

आणि मोटरचा आवाज येतोय पण बर्फ पडत नाही, तर भांड्यात बघा. न वापरलेले खडे शून्याखालच्या तापमानातही एकमेकांना चिकटून ढेकूळ होतात. १८५० साली हेही फॅरेडेनेच दाखवलं होतं: बर्फाचे दोन तुकडे टेकवले की जोडले जातात. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो, असं त्याने त्यावरून सुचवलं. आज तो थर अनेक प्रयोगांत दिसला आहे. ढेकूळ सुरीने फोडू नका, भांड्याला तडा जातो. भांडं काढून सिंकमध्ये रिकामं करा, पुसून पूर्ण कोरडं करा आणि मगच परत बसवा.