आल्फाव्हिल: पॅरिसमध्येच सापडलेलं भविष्य

१९६५ सालचा बर्लिन चित्रपट महोत्सव आपल्याकडे लक्षात राहिला तो 'चारुलता'मुळे. सत्यजित राय यांना त्या वर्षी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. सुवर्ण अस्वल, म्हणजे महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, मात्र गेलं एका फ्रेंच विज्ञान-थरारपटाला: जाँ-लुक गोदारच्या 'आल्फाव्हिल'ला. विज्ञानपट असूनही त्यात रॉकेट नाही, चंदेरी पोशाख नाहीत, उभारलेला एकही सेट नाही. दिसतं ते सगळं त्या वर्षीचं पॅरिस.

कथा थोडक्यात अशी. 'बाह्य प्रदेशां'तला गुप्तहेर लेमी कॉशन पत्रकाराच्या नावाखाली आल्फाव्हिल शहरात येतो. शहरावर आल्फा ६० या संगणकाचं राज्य आहे. तर्काला सोडून वागणं हा तिथे गुन्हा. बायको वारल्यावर रडला म्हणून एका माणसाला पोहण्याच्या तलावाच्या काठावर गोळी घालतात आणि बघायला आलेली प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवतात. लेमीला तो संगणक आणि त्याचा निर्माता प्रोफेसर फॉन ब्राऊन, दोघांनाही संपवायचं आहे. या प्रोफेसरची मुलगी नताशा म्हणजे अभिनेत्री ॲना करिना.

लेमी कॉशन हे पात्र गोदारचं नव्हे. पीटर चेनी या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांमधला तो एफबीआयचा माणूस. १९५३पासून एडी कॉन्स्टंटिन हा मूळचा लॉस एंजेलिसचा गायक-नट फ्रेंच पडद्यावर त्याची भूमिका करत आला होता. खडबडीत चेहरा, अमेरिकन हेलातलं फ्रेंच, हाणामारी, व्हिस्की आणि मुली हा त्या चित्रपटांचा ठरलेला मसाला. फ्रान्स आणि जर्मनीत ते उदंड चालत. फ्रेंच सिनेमातल्या प्रयोगशील 'नव्या लाटे'चा दिग्दर्शक असा खपणारा नायक घेतो म्हटल्यावर पैसा लावणारे तयार झाले. गोदारचा सहायक शार्ल बिच यानं पुढे सांगितलं आहे की, जर्मन भागीदारांना दाखवण्यापुरती तीसेक पानांची कथा गोदारनं त्याच्याकडून लिहून घेतली आणि न वाचताच पुढे पाठवली. त्यातलं काहीही पडद्यावर आलं नाही. चित्रपट पाहिल्यावर जर्मन मंडळींनी पैसे परत मागितले, असंही बिच सांगतो. चित्रपटाच्या स्वागतात पुढे जी फाटाफूट झाली तिचं मूळ मला इथेच दिसतं. लोक ओळखीच्या लेमीला भेटायला आले होते.

पण हा चित्रपट नेमका त्याच वर्षी का झाला, हे कळायला तेव्हाच्या फ्रान्सकडे पाहावं लागतं. युद्धानंतरची दोन दशकं तिथे झपाट्यानं बांधकाम चाललं होतं. पॅरिसच्या पश्चिमेला ला देफाँसमध्ये काचेच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या होत्या. रेडिओचं गोल, अवाढव्य मुख्यालय १९६३च्या डिसेंबरात सुरू झालं. शहराबाहेर माफक भाड्याच्या सरकारी घरांचे एकसारखे ठोकळे वाढत होते. या घरांना फ्रेंच लोक तीन आद्याक्षरांनी ओळखतात, 'एचएलएम'. चित्रपटात याच अक्षरांचा अर्थ दीर्घ आजारांचं रुग्णालय असा होतो. पॅरिसच्या प्रेक्षकाला हा टोला समजावून सांगावा लागला नसेल.

दुसरी धास्ती संगणकाची. माशीन बुल ही फ्रान्सची अभिमानाची संगणक कंपनी. तिनं मोठ्या उमेदीनं 'गामा ६०' हे यंत्र काढलं, पण कंपनी कर्जात रुतली आणि १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं तिच्यात मोठा वाटा घेतला. देशात त्यावर काहूर उठलं. १९६६ साली द गॉल सरकारनं स्वदेशी संगणकासाठी 'प्लान काल्क्युल' नावाची योजना आखली. 'आल्फाव्हिल' या दोन घटनांच्या मधला. चित्रपटाला आधी 'टारझन विरुद्ध आयबीएम' (आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी) असं नाव देण्याचा विचार होता, आणि 'गामा ६०' कानावर असलेल्या माणसाला 'आल्फा ६०' हे नाव कुठून आलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

छायालेखक राऊल कुतार. गोदारचा हट्ट असा की रात्रीचं पॅरिस आहे त्या उजेडात टिपायचं, वेगळे दिवे लावायचे नाहीत. त्यासाठी अतिसंवेदनशील फिल्म वापरली. म्हणून त्या चित्रांत काळोख इतका दाट आणि दिवे इतके बोचरे दिसतात. आल्फा ६०चा आवाजही कुठल्या यंत्रातून काढलेला नाही. तो आहे स्वरयंत्र गमावलेल्या एका माणसाचा. घोगरा, तुटक, श्वास ओढत बोलणारा तो आवाज ऐकताना अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी कणवही वाटते. यंत्राला इतका जखमी मानवी आवाज देण्याची कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

आणि शब्द. आल्फाव्हिलच्या हॉटेलच्या खोल्यांत ठेवलेलं 'बायबल' म्हणजे शब्दकोश. त्यातून रोज काही शब्द काढले जातात. आपल्या आवडीचे काही शब्द गेल्या दोन-तीन महिन्यांत नाहीसे झाल्याचं नताशा सांगते: रडणं, शरदातला उजेड, माया, आणि 'रूज-गोर्ज' हे एका तांबड्या छातीच्या चिमुकल्या पाखराचं नाव. 'का' विचारायचं नाही, फक्त 'कारण' म्हणायचं. लेमीच्या हातात शस्त्र म्हणून पिस्तुलासोबत असतो पॉल एल्युआरचा १९२६ सालचा कवितासंग्रह, 'वेदनेची राजधानी'. शेवटी नताशा चाचपडत एकेक शब्द जुळवते आणि 'माझं तुमच्यावर प्रेम आहे' म्हणते. तोवर करिना आणि गोदार यांचा संसार मोडलेला होता. हे ठाऊक असेल तर ते वाक्य ऐकवत नाही.

चित्रपट मे १९६५मध्ये फ्रान्समध्ये लागला, सप्टेंबरात त्यानं न्यूयॉर्क महोत्सवाचा पडदा उघडला. न्यूयॉर्क टाइम्सचे बॉस्ली क्राउदर यांना सुरुवातीचा खट्याळ थरार रुचला, पुढचं तत्त्वचिंतन कंटाळवाणं वाटलं. तक्रार खोटी नाही, मधला भाग खरंच रेंगाळतो. पण थरारपट गृहीत धरून मोजलं की तो रेंगाळतो. शब्द हरवत चाललेल्या बाईची गोष्ट म्हणून पाहिलं तर तोच भाग चित्रपटाचा गाभा ठरतो.

दिग्दर्शकांनी मात्र आहे त्या शहरातच भविष्य शोधण्याचा धडा उचलला. १९७२च्या 'सोलारिस'मध्ये तारकोव्हस्कीनं भविष्यातलं शहर दाखवायला टोकियोचे उड्डाणरस्ते वापरले. पुढच्याच वर्षी फासबिंडरनं संगणकातल्या आभासी जगावरची मालिका अंशतः पॅरिसच्या नव्या इमारतींमध्ये चित्रित केली आणि तिच्यात कॉन्स्टंटिनला एक छोटी भूमिका दिली.

कॉन्स्टंटिनची फ्रान्समधली हाणामारीच्या नायकाची कारकीर्द 'आल्फाव्हिल'नंतर ओसरत गेली आणि पुढे तो बहुतेक जर्मनीत रमला. १९९१ सालच्या एका चित्रपटात गोदारनं त्याला त्याच भूमिकेसाठी पुन्हा बोलावलं. बर्लिनची भिंत पडलेली, पूर्व जर्मनीत विसरला गेलेला म्हातारा हेर लेमी कॉशन हातात बॅग घेऊन पश्चिमेकडची वाट विचारत निघतो. जवळपास चाळीस वर्षं ज्याच्या चेहऱ्यावर हे पात्र बसलं होतं, तो नट दोन वर्षांनी वारला.