आधी बोर्ड, मग टेबल: स्वागतिकेच्या नोकरीची पार्श्वभूमी

'स्वागतिका पाहिजे. संभाषणकौशल्य आवश्यक, टायपिंग येत असल्यास प्राधान्य.' छोट्या जाहिरातींतली ही ओळ वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही. पण तिच्या पोटात दोन-तीन नोकऱ्या एकत्र आल्या आहेत, आणि ही नोकरी टिकणार का, हे बघायचं तर त्या आधी सुट्या करायला हव्यात.

मूळ टेलिफोनचं. १ सप्टेंबर १८७८ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या एक्स्चेंजमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. त्याआधी तिथे पोरं बसवत, आणि ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत. शांत आवाज हवा म्हणून बाई आली. 'या खुर्चीत बाईच हवी' हा समज तिथून पक्का होत गेला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. पुढे मोठ्या कचेऱ्यांत स्वतःचे बोर्ड, म्हणजे आलेला फोन हव्या त्या माणसाला जोडून देणारे स्विचबोर्ड, बसले. दिवा लागला की कॉर्ड उचलायची, 'कोण हवंय?' विचारायचं आणि योग्य भोकात खोचायची. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करून तासन्‌तास वाट बघायचे ते दिवस. साहेब जागेवर आहेत का, कुणाचा फोन लगेच द्यायचा आणि कुणाला 'मीटिंगमध्ये आहेत' म्हणून सांगायचं, हे बोर्डावरच्या बाईला पाठ असे. यातलं काहीही तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नसे.

पुढे ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावता येणारं थेट डायलिंग आलं. देशात त्याची सुरुवात १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर झाली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाल्यावर देशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस तयार होऊ लागली, कचेऱ्यांत आतले फोन आपोआप जोडणारं ईपीएबीएक्स यंत्र पोचलं आणि बोर्ड आक्रसून टेबलावर मावेल एवढा झाला. मोबाइलनंतर तर साहेबांचा नंबर सगळ्यांकडेच. बोर्डावरची बाई दर्शनी टेबलाशी आली. तिच्यापुढे कुरिअरचा गठ्ठा, पाहुण्यांचं रजिस्टर आणि हजेरीचं मशीन आलं, आणि पगार याच कामांचा ठरू लागला. मला या सगळ्या इतिहासातली खरी चूक इथे दिसते. मोजता येईल तेवढ्याच कामाला किंमत आली. माणूस ओळखून त्याला योग्य जागी पाठवण्याचं काम फुकटात धरलं गेलं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमध्ये त्या फुकटात धरलेल्या कामाचं मोल दिसलं. बाहेर काढलेले टेलिफोन ऑपरेटर पुन्हा आत गेले आणि खोल्याखोल्यांत फोन लावून पाहुण्यांना सांगत राहिले: दार उघडू नका, बाहेर येऊ नका.

२०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी कुठली कामं यंत्राकडे जाऊ शकतील याचा अंदाज मांडला. त्यात स्वागतकक्षातली नोकरी यंत्राकडे जाण्याची शक्यता ९६ टक्के होती. २०१५ मध्ये जपानच्या नागासाकी प्रांतात हेन-ना हॉटेलने स्वागताला चक्क यंत्र-डायनासोर उभे केले. पण पासपोर्टची झेरॉक्स काढायला शेवटी माणूसच लागायचा. २०१९ पर्यंत तिथले निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकले होते. अर्थात तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. नोंदणी, अपॉइंटमेंट, ठरावीक प्रश्नांची उत्तरं ही कामं आज क्यूआर कोड आणि बोलणारं सॉफ्टवेअर करतंच आहे, आणि ती परत येणार नाहीत.

आपल्याकडे मात्र याच काळात एक नवं टेबल मांडलं गेलं. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत गरीब कुटुंबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली (२०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना). योजनेतल्या रुग्णालयांत रुग्णांना नोंदणी आणि कागदपत्रांत मदत करणारे 'आरोग्यमित्र' बसू लागले. एका रुग्णालयात मी पाहिलं: प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं केशरी रेशनकार्ड, कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि समोरचे आजोबा घाबरून गप्प. टेबलामागच्या मुलीने आधी त्यांना बसवलं, गाव विचारलं, मग मुलाला फोन लावून नावाचा घोळ समजून घेतला आणि कुठला कागद कुठून आणायचा ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. स्क्रीनवर तेव्हा एवढंच दिसत होतं, की नाव जुळत नाही.

हे आरोग्यमित्र कंत्राटी आहेत, आणि पगारवाढीसाठी त्यांना आंदोलनं करावी लागली आहेत.