पाइपचे आटे : मानके आणि ओळख

पाइपचे आटे : पाइप आणि त्याला जोडायचे सॉकेट, एल्बो, टी, निपल, व्हॉल्व्ह एकमेकांत फिरवून बसवता यावेत म्हणून त्यांवर पाडलेले मळसूत्री आटे. यांची मुख्य घराणी दोन, ब्रिटिश बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आणि अमेरिकी एनपीटी (नॅशनल पाइप टेपर). दोन्हींची मापे इंचात आणि नावेही तीच, पण एकाची जोडणी दुसऱ्यावर नीट बसत नाही.

नावांपासूनच गोंधळ सुरू होतो. ‘अर्धा इंची’ जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपवर पट्टी लावली तर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, कुठेच सापडत नाही. बाहेरचा व्यास २१ मिमीच्या आसपास भरतो आणि मध्यम जाडीच्या पाइपची पोकळी साधारण १६ मिमी. हे नाव जुन्या जाड लोखंडी पाइपांच्या पोकळीवरून पडले. पुढे पाइप पातळ झाले, पण आट्यांचा बाहेरचा व्यास तसाच ठेवावा लागला, नाहीतर जुन्या जोडण्या निकामी झाल्या असत्या. त्यामुळे आट्यांवर व्हर्नियर लावून आलेला आकडा हे आट्याचे नाव नव्हे; तो तक्त्यात शोधावा लागतो.

बीएसपीचा आकार जोसेफ व्हिटवर्थ यांचा. त्यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये एकसारख्या आट्यांची पद्धत मांडली : दोन बाजूंमधला कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोल. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला, कारण तो कारखान्यात पाडायला आणि तपासायला सोपा. अमेरिकी पाइपांची मापे मात्र रॉबर्ट ब्रिग्ज यांच्या कामातून आली आणि १८८६ मध्ये तिथे ती मानक झाली. आजचा एनपीटी त्याच वंशातला.

बीएसपीचे पुन्हा दोन प्रकार. ‘आर’ खुणेचा निमुळता, म्हणजे फिटरच्या भाषेत टेपर. ‘जी’ खुणेचा सरळ, म्हणजे पॅरलल. भारतीय मानकांत टेपरसाठी आयएस ५५४ आणि पॅरललसाठी आयएस २६४३ आहे. आपल्या नळकामातले जीआय पाइप याच घराण्यातले. रिफायनरी आणि रसायन कारखान्यांत मात्र पाइपिंग बरेचदा अमेरिकी संहितेनुसार असते, तिथे गेज आणि इन्स्ट्रुमेंटच्या जोडण्या एनपीटी निघतात. जुन्या जपानी कॅटलॉगमधले पीटी आणि पीएफ म्हणजे जवळपास बीएसपीचेच टेपर आणि पॅरलल. पीटी वाचून एनपीटी मागवणारे कमी नाहीत. एका अक्षराची ही चूक महाग पडते.

ओळखताना पहिला प्रश्न : एका इंचात आटे किती? पाव इंची बीएसपीत १९, एनपीटीत १८. एक इंचीला ११ विरुद्ध साडेअकरा. अडीच इंचापासून पुढे ११ विरुद्ध ८, तिथे डोळ्यांनाही फरक दिसतो. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर; ते तपासायच्या पिच गेजचे दातेरी पाते आट्यांत बसवून उजेडासमोर धरावे. फट दिसली की पाते चुकीचे.

खरी अडचण अर्धा आणि पाऊण इंचीची, कारण तिथे दोन्हींत १४ च आटे आहेत. व्यासही जवळचे : अर्धा इंची बीएसपी २०.९५ मिमी, एनपीटी २१.३४. अशी जोडी हाताने काही आटे सहज चढते, पान्ह्याने घट्टही होते. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळला तर त्या दिवशी गळतही नाही. पण ५५ आणि ६० अंशांचे आटे एकमेकांना पूर्ण भिडत नाहीत. दाब चढला, पाइप तापून थंड झाला की पाझर सुरू होतो. इथे पाते फक्त पिचचे नको, कोनाचे हवे. गोल माथा आणि सपाट माथा हा फरक पुस्तकात छान दिसतो; जस्त चढवलेल्या, दोनदा उघडलेल्या निपलवर त्याचा भरवसा धरू नये.

टेपर ओळखणे सोपे. दोन्ही घराण्यांत तो १:१६, म्हणजे १६ मिमी लांबीत व्यास १ मिमीने वाढतो. अर्धा इंची आट्यावर पहिल्या आणि पाचव्या आट्याचा व्यास मोजला तर साधारण ०.४५ मिमीचा फरक येतो. काहीच फरक नसेल तर आटा पॅरलल. मग पाणी आट्यांत अडत नाही, ते वॉशर किंवा शंकूच्या बैठकीवर अडते. अशा जोडणीवर टेप गुंडाळत बसणे म्हणजे गळतीचे कारण सोडून दुसरीकडेच मेहनत करणे.

हायड्रॉलिक यंत्रांत मेट्रिक आणि जेआयसी या अमेरिकी हायड्रॉलिक जोडणीच्या आट्यांचीही भर पडते. २७ मिमीच्या आसपास तर मेळाच भरतो : पाऊण इंची बीएसपी २६.४४, पाऊण इंची एनपीटी २६.६७, मेट्रिक एम २७ गुणिले २ (व्यास २७ मिमी, पिच २ मिमी), आणि जेआयसीचा १ १/१६ इंची १२ आट्यांचा, २६.९९ मिमी. शेवटच्या दोघांची पिच २ आणि २.१२ मिमी. एकाच आट्यावर हा फरक हाताला लागत नाही, आठ-दहा आट्यांवर पाते ठेवले की जवळपास एक मिमीने सरकतो. अमेरिकेतून आणलेल्या बागेच्या नळीचे टोकही २६.९९ मिमीचेच, पण साडेअकरा आट्यांचे, तिसऱ्याच मानकाचे. आपल्या पाऊण इंची नळावर ते बसत नाही आणि त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो.