पुसलेल्या शंभराचा शोध

माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चर्मपत्राची एक छोटी वही आहे. पत्रं, म्हणजे पानं, फक्त 74, तीही जागोजागी काळपट तपकिरी डागांनी माखलेली. 'एल सिद'चं महाकाव्य, साडेतीन हजारांहून जास्त ओळींचं, आज एवढ्या एकाच प्रतीच्या आधारावर उभं आहे.

एल सिद म्हणजे रोद्रिगो दियाज, बुर्गोसजवळच्या विवारचा सरदार. 1081 मध्ये स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या सहाव्या अल्फोन्सो राजाने त्याला हद्दपार केलं, तेव्हा तो सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या पदरी राहून लढला. 1094 मध्ये त्याने वालेन्सिया जिंकलं आणि 1099 मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्याचं प्रेत घोड्यावर बांधून शेवटची लढाई जिंकली, ही सर्वांच्या आवडीची गोष्ट या काव्यात नाहीच. ती नंतरची भर आहे.

पण काव्य लिहिलं गेलं कधी? शेवटच्या पत्रावर पेर आबात नावाच्या लेखनिकाने मे महिना आणि साल नोंदवलं आहे: 'एरा' 1245. शकात 78 मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे स्पेनच्या या जुन्या कालगणनेतून 38 वजा करायचे. उत्तर येतं 1207. अडचण अशी की वहीतलं अक्षरवळण 14व्या शतकातलं आहे, आणि रोमन आकड्यांत दोनशे दाखवणाऱ्या दोन 'सी'नंतर थोडी जागा मोकळी सुटलेली आहे. तिथे तिसरा 'सी' होता आणि प्रत जुनी भासावी म्हणून कुणी तो खरवडला असेल, तर साल थेट 1307 होतं.

आता शाईकडे वळू. मध्ययुगीन युरोपातली नेहमीची शाई मायफळ आणि हिराकस यांची. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ, म्हणजे ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणारी गाठ. तिच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य हिराकशीतल्या लोहाशी संयोग पावलं की काळा रंग धरतो. शतकं लोटली की काळेपणा विटतो, पण लोह चामड्यात टिकून राहतं. म्हणून जुन्या अभ्यासकांनी युक्ती काढली: विटलेल्या ओळीवर मायफळाचा अर्क किंवा लोहाशी रंग देणारं दुसरं रसायन फिरवायचं. अक्षरं काही वेळ उठून दिसत. मग रसायन आजूबाजूच्या चामड्यातही मुरे आणि सगळंच काळवंडे. या वहीवर असे प्रयोग एकाहून अधिक हातांनी केले. 20व्या शतकाच्या सुरुवातीला तिचा पाठ सिद्ध करणारे रामोन मेनेंदेझ पिदाल हे त्यांपैकीच एक. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांनी तेव्हा वाचलेल्या काही जागा आज वाचता येत नाहीत, आणि तिथे त्यांचीच नोंद प्रमाण मानावी लागते.

पुढच्या अभ्यासकांनी वहीला ओलं न करता तिच्यावर प्रकाश टाकला. अतिनील किरणांखाली चर्मपत्र निळसर चमकतं, लोहाची शाई ते किरण शोषते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं अक्षरही गडद होतं. दुर्दैवाने रसायनांचे डागसुद्धा अतिनील किरण शोषतात, म्हणजे जिथे मदतीची सर्वाधिक गरज तिथेच हा उपाय लंगडा पडतो. अवरक्त प्रकाशात उलट घडतं: तरंगलांबी वाढत जाते तशी लोहाची शाई पारदर्शक होत जाते, काजळीची मात्र काळीच राहते. दोन शाया वेगळ्या ओळखायला हे उत्तम. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा याच्याही पुढे जातो. तो एकाच पत्राची असंख्य अरुंद रंगपट्ट्यांत छायाचित्रं घेतो, आणि प्रत्येक बिंदू कुठला रंग किती परतवतो त्यावरून संगणक शाई, डाग आणि चामडं यांची फारकत करू पाहतो.

या काव्याचे अभ्यासक आल्बेर्तो मोन्तानेर यांनी अशी साधनं वापरून ती मोकळी जागा तपासली. तिथे ओरखडे दिसले, पण तिसऱ्या 'सी'च्या शाईचा मागमूस नव्हता. ओरखडे लिहिण्याआधीचेच असावेत आणि नकलकाराने ती खराब जागा टाळली असावी, असं त्यांचं मत. मग 14व्या शतकातल्या अक्षरांत 1207 कसं? नकलकाराने समोरच्या जुन्या प्रतीतली नोंदही मजकुरासकट उतरवून घेतली, हे स्पष्टीकरण आज बहुतेकांना पटतं. मलाही खाडाखोडीच्या कटापेक्षा यांत्रिकपणे नक्कल करणारा कारकून जास्त खरा वाटतो.

वहीचं पहिलं पत्र मात्र हरवलं आहे, आणि तिथे कुठलाच कॅमेरा चालत नाही. त्यातली कथा अभ्यासक कास्तीलच्या जुन्या गद्य बखरींवरून जुळवतात, कारण बखरकारांनी हे काव्य गद्यात उतरवून वापरलं होतं.